यंदाची पालवी

"अहो, जरा वाकवा ना ही फांदी."

बागेतली फेरी अर्धवट टाकून ती कडुनिंबाखाली थांबली होती. उद्या पाडवा. नवऱ्याने दरवर्षीसारखी मुकाट्याने फांदी खाली ओढली. ती तांबूस, कोवळी पानं खुडून पदरात टाकू लागली.

"निनादला कितीही गूळ घालून द्या, थुंकूनच टाकतो मेला!"

आयुष्यभर लाडाने म्हटलेला शब्द आज पहिल्यांदाच तिला ऐकू आला. हातातून पदर सुटला. पानं पायाशी सांडली.

"सोडा फांदी," ती म्हणाली. "यंदा आपल्याकडे गुढी नाही."

त्याने सोडली नाही. एक पान तोडून तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं. महिन्यापूर्वी पोराला पोचवून स्मशानातून परतल्यावर, उंबऱ्याबाहेर उभं राहून चावलं होतं, तसंच.