धुळाजीची हाक

धुळाजीची मेंढरं त्याच्या हाकेशिवाय वाडग्याबाहेर पाय टाकत नसत. कळप विकून टाकू म्हणणाऱ्या इंद्रभानचं बापापुढं तिथंच अडलं होतं. आणि आज तोच इंद्रभान कंप्युटरपाशी माईक धरून म्हणाला, "आबा, मेंढरायला मारता तशी हाक मारा. नवं साउंड कार्ड बसवलंय, आवाज बिलकुल जसाच्या तसा निघतो."

"माझ्या हाकेचं तुला काय करायचं?" धुळाजीनं डोळे बारीक केले.

"तुमची आठवण राहील."

कधी वारा आला म्हणून, कधी खोकला आला म्हणून पोरानं पुन्हा पुन्हा हाक मारायला लावली. मग स्पीकर सुरू केला, तशी वाडग्यातल्या मेंढरांनी माना वर केल्या. इंद्रभान हसला आणि त्यानं वायर जोडून ती हाक कॅसेटमध्ये भरून घेतली. ते हसणं धुळाजीला काही बराबर वाटलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी धुळाजी अंबडहून परतला, तर वाडगं रिकामं.

"मेंढरं कुठं गेली?" त्यानं चुलीपाशी बसलेल्या साखराबाईला विचारलं.

बायको त्याच्याकडं बघतच राहिली. "असं काय करता? दुपारी टेम्पो आल्ता, तव्हा म्या घरातून ऐकलं, तुम्हीच तं हाका मारून त्यायला वर चढवून राह्यल्ते."