क्षची किंमत

धम्मपाल गजभिये वर्गाच्या बंद दाराबाहेर उभा राहून भांडण पाठ करत होता. जर्मनमध्ये भांडायचं म्हणजे मोठी पंचाईत. क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी, तोवर राग टिकवून धरावा लागतो. आज एल्टर्नश्प्रेखटाग होता, पालकांनी शिक्षकांना भेटायचा दिवस. आणि लेकीच्या, क्षमाच्या, गणिताच्या मास्तरांना, हेर म्हणजे श्रीयुत झाइट्सना, तो आज सोडणार नव्हता.

मास्तरांची कीर्ती मोठी होती. उजव्या हाताने फळ्यावर लिहायचं आणि मागोमाग डाव्या हातातल्या स्पंजने पुसत जायचं, ही त्यांची पद्धत. मुलांना दिसायची ती फक्त त्यांची पाठ. गणित संपलं की ते वळून विचारायचे, “क्लार, ओडर?” म्हणजे, कळलं ना? आणि उत्तराची वाट न बघता पुढचं गणित घ्यायचे.

सहामाहीला क्षमाला गणितात पाच मिळाले. इथे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. नागपूरच्या आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं. “पाचवी आली? परक्या देशात काय वाईट आहे,” असं म्हणून ती फोनवर खूश झाली. फ्रेंचमध्येही पाचच होते. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे पाच राहिले, तर मैत्रिणी नववीत जाणार आणि क्षमा पुन्हा आठवीच्या बाकावर बसणार होती.

मग धम्मपालने स्वतःच शिकवायला घेतलं. झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात तो ब्रेकची आकडेमोड करायचा. आठवीचं बीजगणित म्हणजे डाव्या हातचा मळ. संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसलं की बाप-लेक बसायचे. ऑफिसात सगळं इंग्रजी-जर्मनमध्ये चालायचं, पण बीजगणित त्याला मराठीतच सुचायचं. नागपूरच्या शाळेत जसं पोटात गेलं होतं, तसंच ते बाहेर यायचं. हात भराभर चालायचा आणि आवाज चढत जायचा.

“क्षची किंमत काढ. अगं, समोर दिसतेय की. एवढंही येऊ नये?”

क्षमाला मराठी समजायचं, पण बोलायची जर्मन. अशा वेळी तर जर्मनही बोलायची नाही. नुसती कागदाकडे बघत बसायची. मराठी वाचायला ती शिकलीच नव्हती. सगळ्या बाराखडीतलं एकच अक्षर तिला ओळखता यायचं, तिच्या नावाचं पहिलं. आईने ते रंगवून तिच्या खोलीच्या दारावर लावलं होतं.

“अहो, जरा हळू सांगा तिला,” क्रांती स्वयंपाकघरातून म्हणायची.

“याहून हळू सांगितलं तर ती आठवीतच म्हातारी होईल,” धम्मपाल म्हणायचा.

पण गुण आला. पुढच्या पेपरात क्षमाला तीन मिळाले, त्याच्या पुढच्यात दोन. धम्मपालची छाती फुगली. कँटीनमध्ये कोणी विचारो न विचारो, तो आपल्या पद्धतीवर बोलू लागला. आता मास्तरांना चार शब्द सुनावायचा हक्कच त्याला मिळाला होता.

दार उघडलं. “बिटे, हेर गायबिये,” मास्तर म्हणाले. गजभियेची गाय झाली, ती त्याने सोडून दिली. आत भिंतीवर गेल्या उन्हाळ्यातल्या वर्ल्डकपचा झेंडा अजून लटकत होता. त्याच्याखालची खुर्ची ओढून धम्मपालने सुरुवात केली, “आल्झो, हेर झाइट्स, क्षमा जी काही सुधारली, ती केवळ माझ्यामुळे, कारण घरी मी तिला रोज...”

क्रियापद यायच्या आत मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“गेनाऊ,” ते म्हणाले. “अगदी तुमच्यामुळेच. इतकी वर्षं मी शिकवतोय, पण मला कोणी कधी थांबवलं नाही. तुमची मुलगी तास संपला की दारात आडवी उभी राहते. म्हणते, पुसू नका, पुन्हा सांगा, आत्ताच सांगा. नाहीतर घरी पापा सांगतील.”

पाठ केलेलं सगळं भांडण धम्मपाल विसरला.

“मी ओरडतो म्हणून?” त्याने हळूच विचारलं.

“मलाही तसंच वाटलं होतं. मग एकदा तिने मला दाखवलं, तुम्ही काय लिहिता ते.”

मास्तर उठून फळ्याशी गेले. रांगोळी काढावी तसं, जपून, थांबत थांबत त्यांनी एक अक्षर काढलं. गाठ भलतीकडे गेली होती, काना वाकला होता, पण अक्षर ओळखू येत होतं. त्याच्यापुढे त्यांनी बरोबरचं चिन्ह काढलं आणि पुढे लिहिलं उणे तीन. डाव्या हातात स्पंज तसाच राहिला.

“आम्ही इथे एक्स लिहितो,” ते म्हणाले. “हे तिच्या नावाचं अक्षर आहे ना? ती मला विचारत होती. म्हणाली, पापा रोज माझी किंमत काढतात. कधी शून्य येते, कधी त्याच्याही खाली. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, एकदा तपासून द्याल का?”

धम्मपाल फळ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्याला जागा सापडेना.

“मी तपासलं,” मास्तर म्हणाले. “तुमचं उत्तर चुकलंय, हेर गायबिये. क्लार, ओडर?”

आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते उत्तराची वाट बघत थांबले.