शाओचा उजवा डोळा

"टेकडीवर नाही पाठवायची मी तिला," रोंग म्हणाली. "काय वाट्टेल ते झालं तरी नाही."

दोऊ आजीनं दारातूनच आत नजर टाकली. गावात कोण घरात राहणार आणि कोण खंदकापलीकडच्या टेकडीवर जाणार, हे ठरवायचं काम तिचं. तिचा शब्द फिरलेला कुणी पाहिला नव्हता.

"अगं, हट्ट काय करतेस लहान पोरासारखा? घरात ठेवायची ती माणसं घरावर नजर ठेवतात. ही एका डोळ्याची पोर काय राखणार?"

शाओ भिंतीकडेला हरणाच्या कातड्याखाली होती. रोंग तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. लहानपणी अक्रोडाच्या झाडावरून पडताना फांदी घुसली आणि पोरीचा उजवा डोळा गेला. तेव्हापासून शेजारणी तिला आपल्या पोरांत खेळू देत नव्हत्या. रोंगच्या मनातून तो राग अजून गेला नव्हता.

"तिचा बाप या घरात आहे," ती म्हणाली. "लेक बापाजवळ राहील. कुणाचं काय जातंय?"

"त्याची गोष्ट वेगळी. काय नजर होती त्याची! सगळ्यांच्या आधी लांडगा त्याला दिसायचा."

"आणि टेकडीवर लांडगेच आहेत ना? तिथं टाकू माझ्या लेकराला?"

आजी दगडाच्या काळजाची नव्हती. तिचाही लंगडा मुलगा टेकडीवरच गेला होता, आणि तेव्हा तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता.

"आज तुला सूट दिली, की उद्या दारात रांग लागेल," ती म्हणाली. "बर्फ पडायच्या आत काय ते उरका. नंतर वर चढवत नाही."

रोंगचा भाऊ पेंग दाराशी उकिडवा बसला होता. ओली वाळू आणि दोरी घेऊन दिवसभर जेड कापायचं, घासायचं, हाच त्याचा धंदा. बोलण्यात तो कच्चाच. तो चाचरत म्हणाला, "ताई, चल. मी घेतो तिला उचलून."

"तू गप रे! भाऊ आहेस की कोण?"

मग रोंगचे हात आपल्या कानांकडे गेले. तिच्या कानांत जेडच्या बाळ्या होत्या, फिकट हिरव्या, एका बाजूला चीर पाडलेल्या. तिच्या लग्नासाठी पेंगनंच त्या घासल्या होत्या.

"ताई, वेड लागलं का? जोड मोडला तर मोठ्या चुलीपाशी बायकांत बसू देणार नाहीत तुला. जन्मभर."

"नाही बसू दिलं तर नाही. तिथल्या गप्पा काय मोठ्या गोड असतात!"

बाळी कानात रुतली होती. ओढताना रक्त आलं. रोंगनं ती आपल्या अंगाभोवती गुंडाळलेल्या कातड्याला पुसली, पोरीवर वाकली आणि उजव्या डोळ्याच्या खाचेत अलगद बसवली.

"बघ, आजी. आता दिसतंय की नाही तिला?"

दोऊ आजी काठी टेकत, कण्हत गुडघ्यांवर बसली. चुलीचा उजेड त्या हिरव्या दगडावर हलत होता. आजी बराच वेळ बघत राहिली.

"माझ्याकडेच बघतेय कार्टी," आजी शेवटी म्हणाली. "राहू दे घरात. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

सकाळपासून दाबून धरलेलं रडू रोंगला आता आवरलं नाही. आजीच्या गळ्यात पडून ती हमसाहमशी रडली. लेक घरात राहणार होती! रोज सकाळी तिच्याशी बोलता येणार होतं. सुटली बाई एकदाची त्या टेकडीपासून.

"भिंतीकडे गार लागेल तिला," डोळे पुसत ती भावाला म्हणाली. "चुलीजवळ जागा कर, बापाशेजारी."

पेंगनं मडकी बाजूला सरकवली, चटई गुंडाळली, दगडी कुदळ उचलली आणि शाओच्या मापानं जमीन खणायला घेतली.