पाणचट

“हे बघा, हे खायला घालते ही त्याला.” सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि डबा थेट डॉक्टरांच्या नाकाखाली धरला. आत मांजराचं खाणं होतं. म्हणजे नावाला खाणं. तळाशी थोडा लगदा आणि वर पाणीच पाणी. पुरावा हाताशी असावा म्हणून त्यांनी तो सकाळीच बोकोबाच्या वाटीतून काढून ठेवला होता.

बोकोबा टेबलावर पडून होता. कालपासून तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कण्हत होता, आणि लघवी काही होत नव्हती. झाली ती थेंबभर, तीही लाल. सून त्याला पिंजऱ्यात घालून निघाली तर सासूबाई चपला घालून दारात हजर. “मी पण येते. डॉक्टरांसमोरच होऊ दे काय ते.” एरवी त्या इथं पाऊल टाकत नसत. सुनेनं शोधलेला डॉक्टर सुनेच्याच वळणाचा असणार, हे त्यांनी त्याला न बघताच ठरवून टाकलं होतं.

दोघींचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. मोठं भांडण कधी झालं नाही, पण धुसफूस एक दिवस चुकली नाही. सासूबाईंच्या मते सुनेचा हात आखडता. चहात दूध बेताचं, सूप म्हणजे कोमट पाणी. स्वतःपुरतं त्यांनी सोसलं असतं, म्हणजे टोमणे मारत सोसलं असतं. पण बोकोबाच्या बाबतीत त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. नवरा गेला त्या वर्षी मुठीत मावेल एवढं हे पिल्लू त्यांच्याकडे आलं. त्यांच्या मांडीवर हक्कानं येऊन बसणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारपणी त्याच्या किडन्या दमल्या, वर मुतखडा झाला, आणि तेव्हापासून ही बया त्याच्या वाटीत पेल्यानं पाणी ओतू लागली. “डॉक्टरांनी सांगितलंय,” म्हणे. आजाऱ्याला अर्धपोटी ठेवा, असं कोणता डॉक्टर सांगतो?

मग सासूबाईंनीही आपली सोय केली. कपाटात, स्वेटरांच्या मागे, बिस्किटांच्या जुन्या डब्यात कोरडं खाणं भरून ठेवलं. सून कामावर गेली की डबा निघायचा. बोकोबा डोळे मिटून कुरुमकुरुम खायचा आणि सासूबाईंचा जीव थंड व्हायचा. आपण आहोत म्हणून हा जगतोय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

डॉक्टरांनी चमच्यानं डब्यातलं खाणं ढवळलं.

“बरोबर आहे. अजून थोडं पातळ केलंत तरी चालेल.”

सासूबाईंचा डबा धरलेला हात तसाच राहिला.

“आजी, याचा खडा विरघळणाऱ्यातला नाही. कापून काढायचा तर भूल द्यावी लागणार, आणि याच्या किडन्या ती सोसतील याची मला खात्री नाही. मग आपल्या हातात राहतं पाणी. मांजरं मुळात पाणी कमी पितात, म्हणून ते खाण्यातून पोटात घालायचं. त्याच्यावरच हा आजवर तगलाय.” बोलता बोलता त्यांनी बोकोबाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण याचं अंग तर सुकलंय. कोरडं खाणं कोण घालतंय याला?”

सासूबाईंनी चोरून सुनेकडे पाहिलं. सून त्यांच्याकडेच बघत होती. आधी ती गोंधळलेली दिसली. मग सासूबाईंच्या पलंगाखाली रोज सापडणारा तो तपकिरी चुरा तिला आठवला असावा, कारण तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“सांगा ना, आई. डॉक्टर विचारतायत.”

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर सासूबाईंना उलट बोलता तरी आलं असतं. “आज नळी घालून मोकळं करतो, दोन दिवस सलाईनवर ठेवतो,” ते म्हणाले. “पण परत असा अडकला तर कापावंच लागेल. आणि मग तो टेबलावरून उठेल, असा शब्द मी देणार नाही.”

टॅक्सीत सून खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “तुमच्या लाडांपायी गेला असता तो. आणि मला मात्र येता-जाता ऐकवत होतात.” सासूबाईंनी मांडीवरचा रिकामा पिंजरा घट्ट धरला. घरी गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, डबा कचऱ्याच्या बादलीत उपडा केला आणि खोलीचं दार लावून घेतलं. रडल्या असतील तर ते कुणी पाहिलं नाही.

बोकोबा घरी आला. काटकुळा झाला होता, पण वाळूच्या ट्रेमध्ये बसला आणि ओलं करून उठला. सुनेनं ते पाहून हुश्श केलं. मग वाटीत खाणं काढलं, त्यात पाणी घातलं आणि वाटी जमिनीवर ठेवली. ठेवताना तिनं एक डोळा सासूबाईंच्या खुर्चीकडे ठेवला. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून.

सासूबाई उठल्या. चष्मा नाकावर चढवून, गुडघ्यावर हात टेकत त्या वाटीवर वाकल्या. नेहमीसारखं तोंड वाकडं केलं.

“पाण्यातसुद्धा हात आखडता,” त्या म्हणाल्या. “ओत अजून.”