सगळ्यात मोठा आवाज

लेखापालांनी पंधरावी बाब वाचली. नगराध्यक्षांनी मान वर न करताच विचारलं, "मंजूर?" आणि अख्खं सभागृह एका सुरात म्हणालं, "मंजूर!" नगरपरिषदेचं अंदाजपत्रक दरवर्षी असंच, चहा निवायच्या आत पास व्हायचं.

वैजयंताचा जीव मात्र सोळाव्या बाबीत अडकला होता. सफाई कामगारांचे हातमोजे यंदापासून बंद, असं तिथं छापलं होतं. नगरसेविका म्हणून तिची ही पहिलीच सभा. तिची आई याच गावची गटारं उपसायची. जुने मोजे फाटल्यापासून बोटांना चिंध्या गुंडाळून. "मी उठून विरोध करते बघ," असा सकाळीच तिनं आईला शब्द दिला होता. आता ती तेच वाक्य मनात घोकत बसली होती. घसाही खाकरून मोकळा केला.

सोळावी बाब वाचून झाली. "मंजूर?"

"मंजूर!" सगळ्यांबरोबर तीही म्हणाली. पंधरा वेळा म्हणून जिभेला वळणच पडलं होतं.

ती धडपडत उठली. "साहेब, ते मोजे..."

"ताई, आत्ता तुम्हीच मंजूर म्हणालात की!" नगराध्यक्ष हसले. बाकं वाजली. सतरावी बाब सुरू झाली.

सभा सुटली तेव्हा आई झाडू घेऊन दाराशीच उभी होती. तिनं चिंध्या बांधलेले हात लेकीच्या तोंडावरून फिरवले आणि कानशिलांशी कडाकडा बोटं मोडली.

"मिळणार म्हण की मोजे! समद्यांत मोठा आवाज तुझाच हुता गं. दारातनं ऐकला म्या."