किला गेटचं गुरुत्वाकर्षण

समरजीत गल्लीत शिरला तेव्हा मंदाताईंचं कपाट टेंपोत चढत होतं. चार मजल्यांच्या त्या बिल्डिंगमधलं हे शेवटचं बिऱ्हाड.

"अजून महिनाभर थांबला असतात, मंदाताई," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता. हेच वाक्य तो एकेका भाडेकरूला ऐकवत आला होता.

"थांबले असते रे बेटा, पण सूनबाईला सातवा लागलाय. तुझे बाबा रोज जिन्यात गाठून सांगतात, इथलं गुरुत्वाकर्षण बिघडलंय, पोटातल्या बाळाला धोका आहे. पहिले तर मला वाटलं, सर सठिया गये हैं. मग त्यांनी आमच्या फरशीवर थाळीत पाणी भरून दाखवलं. एका बाजूला जास्त, एका बाजूला कम! फालतू रिस्क कशाला घ्यायची, तूच सांग."

"फरशीला थोडा उतार असतोच, मंदाताई."

समरजीत इंजिनिअर होता आणि ही त्यानं स्वतः बांधलेली पहिली बिल्डिंग होती. सगळं समजावून सांगता आलं असतं, पण त्राण उरलं नव्हतं.

त्याचे वडील सदाशिवराव म्हणजे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलेला माणूस. न्यूटनच्या नियमात पोरानं एक शब्द इकडचा तिकडे केला तरी त्याला वर्गाबाहेर काढत. आणि म्हातारपणी त्यांनी खुद्द न्यूटनलाच बाहेर काढलं! जिन्याच्या पोकळीत त्यांनी वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडला होता, लांब दोरीला शिशाचं वजन बांधून. ते वजन दर आठवड्याला भिंतीपासून जरा आणखी लांब जातं, म्हणजे इथली जमीन वस्तूंना तिरकं ओढते, असा त्यांचा सिद्धांत.

आणि सिद्धांत स्वतःपाशी ठेवतील तर ते मास्तर कसले? जिमला जाणाऱ्या पोराला म्हणाले, हाडं ठिसूळ होतील. बँकेतल्या बाईंना म्हणाले, केस गळतील. ज्याला जे झोंबेल ते. एका हिंदी पेपरनं फोटोसकट छापलं, 'ग्वालियर में न्यूटन फेल'. जुन्या विद्यार्थ्यांनी फूलबागेत त्यांचा सत्कार ठरवला होता, तो गुपचूप रद्द झाला. दाल बाजारात दुकानदार समरजीतला विचारत, "क्यों भैया, आज तराजू ठीक तौलेगा?" समरजीतला आधी बापाची कीव आली, मग राग आला. आता नुसता थकवा होता.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण यांची साठी तर केव्हाच उलटली होती. आई गेल्यापासून कुरकुर चालूच होती. नळाला पाणी नाही, गच्चीवर माकडं येतात, मागच्या खांबाला भेग पडली, वरच्यांचा टीव्ही मोठा. समरजीतनं जाळी लावून दिली, भेगेत पुट्टी भरून दिली, वरच्यांना हात जोडले. तरी हे गुरुत्वाकर्षण उपटलंच.

आज त्यानं मनोविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. बिल्डिंग तर ओस पडली, निदान बाप तरी हातचा जाऊ नये, एवढंच आता त्याला वाटत होतं.

दुसऱ्या मजल्यावरचं दार अडलं. खांदा लावून ढकलावं लागलं.

सदाशिवराव खिडकीशी उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. आईचा फोटो भिंतीवरून उतरवून त्यांनी चादरीत गुंडाळून ठेवला होता.

"चला बाबा, डॉक्टरांकडे जायचंय."

"चलतो की." ते खिडकीतून हलले नाहीत. "मंदाताईंची सून बसली का गाडीत?"

"बसली. झालं तुमच्या मनासारखं." समरजीत खुर्चीत बसला आणि त्याला एकदम रडू फुटलं. "लोक तुम्हाला वेडा म्हणतात, बाबा. मला नाही ऐकवत. बाहेर काय वाट्टेल ते सांगा, पण एकदा, फक्त माझ्यापुरतं म्हणा, न्यूटन बरोबर होता."

खाली टेंपो सुरू झाला. किला गेटच्या वळणापर्यंत तो जाईस्तोवर सदाशिवराव बघत राहिले. मग त्यांनी फोटो उचलून काखेत धरला आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबरच होता रे," ते म्हणाले. "दोरी सरळ आहे, समर. भिंत कललीय. सगळे सुखरूप बाहेर पडलेत, तुझ्या नावाला कुणी बोल लावलेला नाही. आता तूही उतर, लवकर."