पाय काढला होता

शर्यतीत गाडी उलटून दादा गेला, त्याला वर्ष झालं. वहिनी तेव्हापासून माझ्या गॅरेजकडे फिरकली नव्हती. आज आली, ती पेपरातला फोटो घेऊन. शेवटचं वळण, दादाची गाडी आणि सायलेन्सरमधून निघालेली हातभर ज्वाळा. "भाऊजी, बघा हा माज. समोर वळण दिसतंय, तरी गाडी दामटतच होते. घरी बायको-पोर आहे, हे आठवलंसुद्धा नाही त्यांना." मी हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, माजाची आग नाही ही. भरधाव गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं." "म्हणजे?" "दादाने पाय काढला होता. उशीर झाला, पण काढला होता." वहिनीने फोटोतल्या ज्वाळेवर बोट ठेवलं. म्हणाली, "पोरगी विचारायची, बाबांना आपली आठवण आली असेल का? मी 'नाही' म्हणून सांगितलं."